ठासणीच्या रायफलसाठी गोळीची सायझिंग डाय: नळीच्या मापापासून शेवटच्या लॅपिंगपर्यंत

मागून भरायच्या रायफलीत गोळी नळीच्या आतल्या उंचवट्यांपेक्षा मोठी असली तरी चालते. दारूचा दाब तिला रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचांमध्ये, रेटतो. ठासणीच्या रायफलीत ते काम आपल्या हाताला गजाने करावे लागते. म्हणून गोळी उंचवट्यांच्या मधून सरळ खाली उतरली पाहिजे, पण दारूवर बसल्यावर तिथून हलता कामा नये. या दोन अटींमध्ये जी जागा उरते ती साधारण एका थाऊची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची (०.०२५४ मिमी) असते. त्यातही निम्मी जागाच खरी कामाची.

गोळी सैल असेल तर नळी खाली झुकवताच ती पुढे सरकते आणि दारू व गोळी यांच्यात पोकळी राहते. अशा स्थितीत बार काढला तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. घट्ट असेल तर गजाच्या टोकाने तिचे नाक चेपते किंवा ती अर्ध्यावर अडकते. अर्ध्यावर अडकलेल्या गोळीचा परिणाम पोकळीसारखाच होतो. सायझिंग डाय, म्हणजे नेमक्या मापाचे भोक असलेला पोलादी तुकडा, करायची ती एवढ्यासाठी. साच्यातून निघालेली गोळी थोडी मोठी आणि थोडी लंबगोल असते. डायमधून ढकलली की ती गोल होते आणि आपल्या नळीच्या मापावर येते.

तयार डाय ठरावीक मापांत मिळतात. प्रत्यक्षात .५० कॅलिबरच्या नळ्या ०.४९८ पासून ०.५०३ इंचापर्यंत सापडतात, त्यामुळे नळीवर कोरलेल्या आकड्यावर डाय बेतता येत नाही. ज्या नळीसाठी डाय करायची ती नळी मोजूनच सुरुवात करावी लागते.

नळीचे माप

रायफलिंगला दोन मापे असतात: समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर आणि समोरासमोरच्या खाचांमधले अंतर. ठासणीसाठी पहिले माप कामाचे. खाचांचे माप गोळीच्या धातूशी जोडलेले आहे, कारण बार उडताना मऊ शिसे फुगून खाचा भरते आणि वायू अडवते.

उंचवट्यांचे माप घ्यायला मी पिन गेज वापरतो. एकेका थाऊच्या टप्प्याने मिळणाऱ्या या पिना घासून अचूक केलेल्या असतात. नळी नीट पुसून, तेलाचा थर काढून, पिन बोटांनी आत सोडायची. जोर लावायचा नाही. या कामातल्या .५० च्या नळीत ०.५०० ची पिन सहज गेली आणि ०.५०१ ची टेकूनच राहिली. म्हणजे माप या दोघांच्या मधले.

फक्त तोंडापाशी मोजून थांबणे धोक्याचे आहे. काही नळ्यांच्या तोंडाशी गोळी सहज बसावी म्हणून रायफलिंग थोडे काढून टाकलेले असते. जुन्या नळ्यांत तोंड गजाच्या घर्षणाने झिजलेले असते. दोन्ही ठिकाणी पिन मोठे माप दाखवते आणि त्या मापाची गोळी चार बोटे आत गेली की अडकते. म्हणून शिशाचा नमुना घ्यायलाच हवा. ब्रीच प्लग (नळीचे मागचे तोंड बंद करणारा स्क्रू) काढता येत असेल तर तो काढायचा, नळीला आतून हलके तेल लावायचे, थोडा मोठा शुद्ध शिशाचा तुकडा तोंडाशी लाकडी ठोकळ्याने बसवायचा आणि जाड गजाने सलग पुढे ढकलायचा. ढकलताना हाताला जे कळते ते मायक्रोमीटरलाही कळत नाही. तुकडा कुठे जड होतो, कुठे एकदम मोकळा होतो, याकडे लक्ष ठेवायचे. मध्येच मोकळा झाला तर तिथे नळी फुगलेली किंवा गंजाने खाल्लेली आहे आणि शेवटी जड झाला तर ब्रीचकडे ती अरुंद आहे. गोळीचे माप सर्वांत अरुंद जागेवरून ठरते.

तुकडा बाहेर आला की त्याचे बाहेरचे उंचवटे नळीच्या खाचांचे माप देतात आणि त्याच्यावर पडलेल्या खाचा नळीच्या उंचवट्यांचे. साध्या मायक्रोमीटरचे तोंड त्या खाचांत शिरत नाही. पातळ पात्यांचा मायक्रोमीटर लागतो. रायफलिंगच्या खाचा सम संख्येत असतील तरच समोरासमोर मोजता येते. तीन किंवा पाच खाचांच्या नळीत उंचवट्यासमोर खाच येते, त्यामुळे दोन तोंडांचा मायक्रोमीटर चुकीचे माप देतो. तिथे व्ही-ऍन्व्हिल (व्ही आकाराच्या बैठकीचा) मायक्रोमीटर हवा, किंवा पिन गेजवरच भिस्त ठेवायची. या नळीला सहा खाचा असल्याने अडचण आली नाही. उंचवट्यांचे माप ०.५००५ आणि खाचांचे ०.५१२ आले.

ब्रीच प्लग न निघणाऱ्या नळीत सेरोसेफ (कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू) ओतून साचा घेता येतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. ओतल्यावर पहिला अर्धा तास तो आकसतो, म्हणून तेवढ्यात बाहेर काढायचा. मग तो पुन्हा फुगतो आणि साधारण तासाभराने मूळ मापावर येतो. मोजायचे ते त्याच वेळी. पुढे तो आणखी थोडा फुगत राहतो, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात काढलेले माप धरू नये.

डायचे भोक गोळीएवढे नसते

गोळी डायमधून बाहेर पडली की थोडी परत फुगते. शुद्ध शिशात हे जवळजवळ नगण्य असते. कथील मिसळलेल्या शिशात एक-दोन टेन्थ, म्हणजे इंचाचे दहाहजारांश. अँटिमनी असेल तर त्याहून जास्त, आणि तांब्याच्या आवरणाच्या गोळीत अर्धा थाऊ ते एक थाऊ. म्हणून आधी धातू पक्का करायचा, मग भोकाचे माप.

इथे १ भाग कथील आणि ४० भाग शिसे घेतले होते. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठीणपणा ५ च्या आसपास असतो, १:४० चा ८ च्या आसपास, १:२० चा १० च्या आसपास. ठासणीत यापेक्षा कठीण गोळी मला पसंत नाही. ती बार उडताना पुरेशी फुगत नाही, खाचांतून वायू निसटतो आणि नेम विखुरतो. अँटिमनीचे मिश्रण ओतल्यानंतर काही दिवस कठीण होत जाते आणि किंचित वाढतेही. त्यामुळे आज सायझिंग केलेल्या आणि महिन्याने सायझिंग केलेल्या गोळ्यांची मापे जुळत नाहीत.

हिशोब असा झाला. नळी ०.५००५. गोळी हवी त्याहून अर्धा थाऊ कमी, म्हणजे ०.५०००. परत फुगण्याचे दोन टेन्थ वजा केले की भोक ०.४९९८. साच्यातून गोळ्या ०.५०२५ ते ०.५०३ निघत होत्या, म्हणजे डायला अडीच ते तीन थाऊ दाबायचे होते. मऊ शिशाला एका फेरीत तीन-चार थाऊपर्यंत दाबणे ठीक. त्याहून जास्त दाबले तर धातू मागे सरकतो, गोळीवरच्या चरबी भरायच्या खाचा बुजतात आणि बुडाला कड फुटते. साचा फारच मोठा असेल तर मधल्या मापाची आणखी एक डाय करून दोन टप्प्यांत यावे.

आराखडा

डाय रीलोडिंग प्रेसमध्ये (काडतुसे पुन्हा भरायच्या हातयंत्रात) बसणारी ठेवली. त्यासाठी बाहेरून ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे हे रूढ माप. एकूण लांबी २ इंच. खालच्या दीड इंचावर आटे आणि वरच्या अर्ध्या इंचावर १ इंच व्यासाचे डोके. गोळी खालून नाक वर करून शिरते आणि वरून बाहेर पडते.

आतली रचना खालून वर अशी: पहिला पाऊण इंच ०.५०५ चे मार्गदर्शक भोक, मग प्रत्येक बाजूस २ अंशांचा उतार, मग ०.४ इंच लांबीचा मापाचा सरळ भाग, आणि तिथून वरपर्यंत ०.५१५ चे मोकळे भोक. उताराची लांबी जेमतेम ०.०७५ इंच येते.

मार्गदर्शक भोक अनेक जण ठेवत नाहीत. माझ्या मते संपूर्ण डायमध्ये नेमासाठी सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. सर्वांत मोठ्या गोळीपेक्षा ते फक्त दोन थाऊ मोठे असल्याने गोळी उताराला भिडण्याआधीच सरळ उभी राहते. ते नसेल तर गोळी किंचित कलून शिरते, एका बाजूचे शिसे जास्त दाबले जाते, आणि गोळी मापाला बरोबर भरूनही तिचा गुरुत्वमध्य आसावर राहत नाही. मायक्रोमीटर हा दोष दाखवत नाही. तो लक्ष्यावर दिसतो.

मापाचा सरळ भाग तीन-चार सुतांचा पुरतो. फार लांब ठेवला तर घर्षण वाढून गोळीवर शिसे खरवडल्याच्या रेषा येतात. फार आखूड ठेवला तर गोळी त्यातून जाताना डुलते.

धातू ४१४० पोलाद, आधीच कठीण करून मिळणारे, कठीणपणा साधारण २८ ते ३२ रॉकवेल सी. लेथवर ते सरळ कापले जाते आणि नंतर उष्णता द्यावी लागत नाही. फक्त शिशाच्या गोळ्या करायच्या असतील तर १२एल१४ सारखे मऊ पोलादही चालेल, पण एखाद्या गोळीला चिकटून आलेला वाळूचा कण त्यावर कायमचा ओरखडा काढतो. ओ१ टूल स्टील वापरले तर ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात विझवावे लागते आणि २०० अंशांच्या आसपास टेम्पर करावे लागते. त्यात भोकाचे माप हलते, म्हणून लॅपिंगसाठी (बारीक पेस्टने भोक घासून मापावर आणण्यासाठी) जास्त धातू राखून ठेवावा लागतो. शिशाच्या डायसाठी एवढा खटाटोप करायचे कारण दिसत नाही.

लेथवर

शक्य तितके काम एकाच पकडीत करायचे. १ इंचाचा गज चकमध्ये (लेथच्या जबड्यांत) धरला, फेसिंग करून टोक सपाट केले, सेंटर ड्रिल मारले, मग २९/६४ चे ड्रिल आरपार. ड्रिलचे भोक कधीच अगदी सरळ नसते आणि रीमर (भोक नेमक्या मापावर आणणारे हत्यार) आधीच्या भोकाचाच मागोवा घेतो. वाकड्या भोकातून रीमर फिरवला तर गुळगुळीत पण वाकडे भोक मिळते. म्हणून मध्ये बोअरिंग बारने (भोक आतून कापणाऱ्या हत्याराने) ०.४८७ पर्यंत भोक सरळ करून घेतले. रीमरला १२ थाऊ ठेवले. पाच थाऊपेक्षा कमी ठेवले तर रीमर कापत नाही, घासतो आणि तापतो.

रीमर ०.४९९० चा. अर्ध्या इंचाच्या डॉवेल पिनेसाठी एक थाऊ कमी मापाचा हा रीमर सहज मिळतो, खास बनवून घ्यावा लागत नाही. या कामासाठी तो अगदी योग्य आहे, कारण रीमर नेहमी दोन-चार टेन्थ मोठे कापतो आणि उरलेले चार ते सहा टेन्थ लॅपिंगला राहतात. फेरे मिनिटाला १५० ते २००, गंधकयुक्त कटिंग ऑइल भरपूर, आणि फीड (हत्यार पुढे सरकवण्याचा वेग) ड्रिलपेक्षा दुप्पट. मध्ये थांबायचे नाही. चक उलटा फिरवून रीमर बाहेर काढायचा नाही. त्याने धार मोडते आणि भोकात नागमोडी चरे पडतात. टेलस्टॉक (लेथचा मागचा, रीमर धरणारा भाग) रेषेत नसेल तर भोकाचे तोंड घंटेसारखे पसरते. त्यामुळे रीमर लावण्याआधी टेलस्टॉक तपासून घ्यायचा किंवा तरंगता होल्डर वापरायचा. रीमिंगनंतर भोक ०.४९९२ भरले.

मग त्याच पकडीत बोअरिंग बारने ०.५०५ चे मार्गदर्शक भोक पाऊण इंच खोल घेतले. कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरपे सरकवणारा लेथचा भाग) २ अंशांवर वळवून उतार कापला. उतारासाठी टेपर पिन रीमरही चालतो. त्याचा उतार इंची मापात १:४८ आणि मेट्रिकमध्ये १:५० असतो, म्हणजे बराच सावकाश. गोळी त्यात जास्त हळुवार दाबली जाते, पण डायची लांबी त्या हिशोबाने वाढवावी लागते.

बाहेरचा व्यास ०.८७३ वर आणला आणि आटे एकाच टोकाच्या हत्याराने कापले. १४ आट्यांना खोली साधारण ०.०४४ इंच येते. कंपाउंड साडेएकोणतीस अंशांवर असेल तर तिरपा सरकाव ०.०५० च्या आसपास. शेवटचे दोन-तीन थाऊ राहिले की प्रेसच्या डायची लॉकरिंग फिरवून पाहत पुढे जायचे. मेट्रिक लीडस्क्रूच्या (हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) लेथवर त्या स्क्रूला पकडणारा हाफनट उघडायचा नाही, मशीन उलटे फिरवून मागे यायचे, नाहीतर आटे दुसऱ्या जागी पडतात. आटे पाडायच्या नुसत्या हातडायने सुरुवात केली तर आटे तिरके जातात आणि मग प्रेसचा रॅम (वरखाली सरकणारा दांडा) व सायझिंग डायचे भोक एका रेषेत येत नाहीत. निम्मी खोली लेथवर कापून शेवट हातडायने करणे मात्र चांगले जमते.

तुकडा कापून उलटा धरला. आट्यांवर जबडे लागू नयेत म्हणून चिरलेली पितळी बुश (पोकळ नळकांडे) घातली. वरून ०.५१५ चे भोक घेत आलो आणि मापाचा भाग ०.४ इंच उरला तिथे थांबलो. हे भोक मोकळेच असल्याने पकड दोन-तीन थाऊ इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. दोन्ही टोकांच्या कडा मोडल्या.

लॅपिंग

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. पितळेचा ०.४९८ व्यासाचा, दीड इंच लांबीचा लॅप (पेस्ट लावून भोकात फिरवायचा दांडा) घेतला. तो मधून चिरून टोकाला बारीक उताराचा स्क्रू बसवला, म्हणजे स्क्रू आवळला की लॅप फुगतो. डाय डोक्याच्या बाजूने चकमध्ये धरली. डोक्याच्या आत मोकळे भोक असल्यामुळे तिथला जबड्यांचा दाब मापाच्या भागापर्यंत पोहोचत नाही. डोके ठेवण्याचा खरा हेतू हाच. मापाच्या भागावरच तीन जबडे आवळले तर भोक तीन ठिकाणी दबते, त्याच अवस्थेत गोल लॅप होते आणि जबडे सैल केल्यावर त्रिकोणी होऊन बसते.

ऍल्युमिनियम ऑक्साइडची ४०० ची आणि मग ६०० ची पेस्ट, हलक्या तेलात. वाल्व्ह घासायची जाड पेस्ट नको. चक मिनिटाला २०० ते ३०० फेऱ्यांवर, लॅप हातात सैल धरून सतत आतबाहेर. एका जागी रेंगाळला की तिथे भोक मोठे होते, आणि दर वेळी तोंडाबाहेर फार आला की तोंड पसरते. लॅपची लांबी मापाच्या भागाच्या तिप्पट-चौपट असेल तर हा धोका कमी होतो. लॅप सैल वाटू लागला की स्क्रू थोडा आवळायचा.

मोजण्याआधी डाय केरोसिनने धुऊन, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. अर्ध्या इंचाचे पोलादी भोक २० अंशांनी तापले तर सुमारे एक टेन्थ मोठे होते. लॅपिंगच्या उष्णतेत मोजून थांबलो तर थंड झाल्यावर डाय लहान भरते. पेस्टचे कण राहिले असतील तर ते पहिल्याच गोळ्यांत रुततात आणि तिथून नळीत जाऊन रायफलिंग घासतात. म्हणून धुण्यात कसूर नको.

भोक मोजायला टेलिस्कोपिक गेज (भोकात पसरून टेकणारा मापक) अर्ध्या थाऊपर्यंत ठीक, त्यापुढे हातागणिक फरक पडतो. माझा भरवसा भोकापेक्षा गोळीवर जास्त. ०.४९९६ च्या सुमारास लॅपिंग थांबवले, डाय स्वच्छ केली आणि त्याच १:४० च्या धातूच्या काही गोळ्या ढकलून टेन्थ दाखवणाऱ्या मायक्रोमीटरने मोजल्या. त्या ०.४९९८ भरल्या. दोन टेन्थांचा अंदाज बरोबर होता, तेवढेच लॅपिंग आणखी केले. मऊ शिसे मायक्रोमीटरच्या रॅचेटनेही दबते, म्हणून दर वेळी हलका स्पर्श आणि नवी जागा.

उतार आणि सरळ भाग जुळतात तिथली धार या टप्प्यावर मोडायची. लाकडी काडीवर ६०० चा पॉलिश पेपर गुंडाळून काही फेरे पुरतात. ही धार राहिली तर डाय गोळी दाबत नाही, तासते. शिशाची चकचकीत वलये पंचावर (गोळीला खालून ढकलणाऱ्या दांड्यावर) पडू लागली की कारण बहुधा हेच.

पंच

पंच डायपेक्षा साधारण तीन थाऊ कमी, म्हणजे ०.४९६५ चा. जास्त सैल केला तर बुडाचे शिसे फटीतून मागे येते आणि बुडाला पातळ कड उठते. बुड हे गोळीचे सुकाणू आहे. नळीतून सुटताना वायू शेवटी बुडालाच रेटतो आणि तिथे एका बाजूला कड असेल तर गोळी कलते. म्हणून पंचाचे तोंड आसाशी काटकोनात, सपाट आणि गुळगुळीत हवे.

खालचे टोक प्रेसच्या शेलहोल्डरमध्ये (काडतुसाचे बूड धरणाऱ्या रॅमवरच्या खोबणीत) बसेल असे केले. .३०-०६ च्या शेलहोल्डरसाठी रिमचा व्यास ०.४७० (मूळ रिम ०.४७३), जाडी ०.०४५, आणि मान ०.४०० व्यासाची व ०.१० उंचीची. ते थोडे सैलच ठेवायचे, म्हणजे पंच आपोआप भोकाच्या मध्यावर येतो. घट्ट बसवला तर प्रेसचा सगळा तिरकेपणा गोळीत उतरतो.

पंच शेलहोल्डरच्या वर निदान १.३ इंच असावा, कारण मापाच्या भागाचा वरचा काठ डायच्या तळापासून १.२२५ इंचावर आहे आणि गोळीचे बुड त्याच्या पलीकडे गेले पाहिजे. १ इंचाच्या गोळीसाठी रॅमची चाल सव्वादोन इंचांहून अधिक लागते. आखूड चालीच्या प्रेसवर एक गोळी आत ठेवून पुढच्या गोळीने ती ढकलण्याची युक्ती करतात. त्यात मागच्या गोळीचे नाक पुढच्या गोळीच्या बुडात रुतते. त्यापेक्षा आर्बर प्रेस (दांड्याने सरळ खाली दाबणारा साधा प्रेस) घ्यावा आणि डायला आटेच ठेवू नयेत.

बुडाला पोकळी असलेल्या मिनिए गोळीला सपाट पंच चालत नाही. पातळ घेर चेपतो किंवा बाहेर उलटतो. तिच्यासाठी पंचाच्या टोकाला पोकळीच्या आकाराची गुडदी कोरावी, म्हणजे जोर पोकळीच्या छतावर येतो. किंवा गोळी उलटी, बुड आधी, अशी ढकलावी आणि पंचात नाकाच्या आकाराची वाटी करावी. .५८ च्या रायफलींत मिनिए गोळी नळीपेक्षा एक-दोन थाऊ कमी ठेवतात. घेर वायूने फुगून खाचा भरतो, त्यामुळे तिला एवढी सैलता चालते. घन बुडाच्या गोळीला ती चालत नाही.

चाचणी

गोळीवर मार्कर पेनची शाई फासून ती ढकलायची. शाई गोळीच्या खाचांमधल्या सगळ्या पट्ट्यांवर चारही बाजूंनी पुसली गेली तर डाय पूर्ण वर्तुळात काम करते आहे. एका बाजूला शाई राहिली तर साचा तिथे लहान आहे किंवा गोळी कलते आहे. कोणते ते ओळखायला पुढची गोळी साच्याची जोडरेषा वेगळ्या दिशेला ठेवून ढकलायची. डाग जोडरेषेबरोबर फिरला तर दोष साच्याचा, जागीच राहिला तर पंच किंवा प्रेसचा.

पुढची पट्टी आणि मागची पट्टी वेगवेगळी मोजायची. मायक्रोमीटरमध्ये फिरवून गोळी गोल वाटली तरी तीन बाजूंनी दबलेला आकार दोन समांतर तोंडांना दिसत नाही. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवली की काटा तीनदा वरखाली होतो.

ढकलण्याआधी एरंडेलाचा अगदी पातळ हात पुरतो. जास्त लावले तर तेल दाबाखाली निसटायला जागा शोधते आणि गोळीवर खळगे पाडते. सायझिंग झाल्यावर तेल पुसून, चरबी आणि मेणाचे मिश्रण खाचांत भरायचे. खनिज तेलाचे ग्रीस काळ्या दारूबरोबर जळून डांबरासारखा चिकट थर सोडते, ते नकोच. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही.

शेवटची परीक्षा नळीत, दारू आणि ती पेटवणारी टोपी दोन्ही नसताना, ब्रीच प्लग काढून. गोळी अंगठ्याने तोंडात बसावी आणि गजाच्या एकसंध हलक्या दाबाने उतरावी. कुठेही ठोकावे लागू नये. निम्म्यावर असताना नळी खाली करून कुंदा तळहाताने थोपटायचा. गोळी सरकली तर ती लहान आहे, मग ती कितीही सुंदर गोल असो. हीच परीक्षा नळी पुसल्यावर जशी राहते तशा स्थितीतही घ्यायची, कारण दोन बारांच्या मध्ये आपण ज्या प्रकारे नळी पुसतो त्यावर आतला थर ठरतो आणि गोळीला त्याच थरातून जायचे असते. न पुसता भरण्याची सवय असेल तर गोळी आणखी अर्धा थाऊ कमी लागेल.

तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या या डायमधून बारीक करायच्या असतील तर एक-दीड थाऊच्या टप्प्यांनी उतरावे. आवरण शिशापेक्षा जास्त परत फुगते, त्यामुळे आतला गाभा सुटतो. एकदम पाच-सहा थाऊ दाबलेली गोळी बाहेरून निर्दोष दिसते आणि आतून सैल असते.

एकाहून अधिक नळ्या असतील तर दर वेळी आटे कापायची गरज नाही. बाहेरचा देह एकदाच करावा, त्यात ५/८ इंचाची बुश सरकती बसवावी आणि वरून टोपीने अडवावी. रॅमचा जोर वरच्या दिशेने असतो, म्हणून ही टोपी आट्यांची आणि भक्कम हवी. मग ०.४९९, ०.५००, ०.५०१ अशा बुशा करता येतात. लॅप करताना मोठी झालेली बुशही वाया जात नाही, ती पुढच्या मापाची होते.

डोक्यावर आकडा ठोकताना भोकाचे माप ठोकू नये. निघणाऱ्या गोळीचे माप आणि धातू ठोकावा: ०.५०००, १:४०. तीच डाय शुद्ध शिशाला एक-दोन टेन्थ लहान गोळी देईल आणि १:२० ला किंचित मोठी, त्यामुळे धातूचा नवा घाणा ओतला की पहिल्या काही गोळ्या पुन्हा मोजायच्या.